बारा रुपयांची सुरुवात



परळचं वाडिया हॉस्पिटल तुम्हाला ठाऊक असेलच. पनवेलहूनही कितीतरी जणी बाळंतपणासाठी, नाहीतर लेकराला दाखवायला तिथे जाऊन आल्या आहेत. १९२६ मध्ये नवरोजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. बॉम्बे डाइंगच्या चादरी तर आपल्यापैकी अनेकींच्या लग्नातल्या आहेरात होत्या. तेही हेच घराणं. पण हे वाडिया मूळचे कोण? तर सुतार. गुजरातीत 'वाडिया' म्हणजे जहाजं बांधणारा. या घराण्याचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेच्या एका गोदीत सुतारांचे मुकादम होते.

आज त्यांच्याविषयी लिहिते आहे, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात जो विषय जेवायला बसलं की निघतोच, तो त्यांच्याही घरात अडीचशे वर्षांपूर्वी निघाला असणार.

आमचा विषय असा. आमचं पनवेलला प्लायवूडचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. धाकट्याचं बीकॉम झालं आणि त्याने दुकानातच यायचं ठरवलं. सगळे खूश. प्रश्न एवढाच निघाला की त्याने बसायचं कुठे? सासूबाईंचं म्हणणं, नातू गल्ल्यावर बसेल, आजोबा बसायचे तिथे. यांचं म्हणणं, पहिलं वर्षभर गोदामात. टेम्पोतून माल उतरवायचा, शीट मोजायच्या, कडा तपासायच्या, सुतारांबरोबर साईटवर जायचं, आणि पगार गोदामातल्या नव्या माणसाला मिळतो तेवढाच.

सासूबाई म्हणाल्या, "हमालांच्या रांगेत उभा करणार का माझ्या नातवाला?"

त्यात एक स्थळ आलं. मुलीकडची मंडळी न कळवता दुकानावरून चक्कर मारून गेली आणि त्यांनी मुलाला अंगभर भुसा घेऊन शीट वाहताना पाहिलं. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, "मुलगा अजून सेटल दिसत नाही." सासूबाई दोन दिवस आपल्या मुलाशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलत होत्या, पण फक्त मीठ-मसाल्यापुरतं.

या दिवसांतच आमच्याकडे नेव्हीवाले काका कामाला येत होते. ते अलिबागकडचे, सुताराच्या घरातले. तरुणपणी नौदलात गेले, पंधरा वर्षं काढली आणि निवृत्त होऊन पनवेलला स्थायिक झाले. तेव्हापासून पुन्हा सुतारकाम. आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. मंदिरात स्वाध्यायाला बसतो तिथे ग्रंथ ठेवायचे जुने चौरंग कीड लागून खिळखिळे झाले होते, ते नवे करून घ्यायचे होते. काका आमच्याच मागच्या अंगणात बसून ते करत होते. सासूबाईंचा राग आणि धाकट्याचा भुसा दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. एक दिवस चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, लवजी वाडियांचं नाव ऐकलंय का?"

मी हॉस्पिटलचं नाव घेतलं. ते हसले आणि तिथून गोष्ट सुरू झाली. मग मीही मिळेल तिथून वाचून काढलं.

१७३५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी मुंबईहून सुरतेला गेला. कंपनीसाठी एक जहाज बांधून घ्यायचं होतं. सुरत तेव्हा मोठं बंदर, आणि मुंबई अजून लहान होती. आपल्या बाजूच्या समुद्रावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, तरी कुलाब्याच्या गलबतांना इंग्रज टरकूनच असत. कंपनीला मुंबईतच स्वतःची गोदी हवी होती आणि ती चालवणारा माणूस हवा होता. डडलीने लवजींचं काम पाहिलं आणि मुंबईला चला म्हणून आग्रह धरला. लवजींनी सांगितलं, हातातलं जहाज पुरं झाल्याशिवाय मालकाला सोडणार नाही. ते जहाज पुरं झालं, मालकाची संमती मिळाली, आणि मग १७३६ मध्ये लवजी दहा सुतार बरोबर घेऊन मुंबईला आले. पुढे बायकामुलंही आली.

आल्यावर पहिली मोठी कामगिरी होती लाकडाची. चांगला साग मिळाल्याशिवाय गोदी चालणार कशी? लवजींना उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात पाठवलं. तिथल्या प्रमुखांशी बोलणी करून त्यांनी सागाचे सौदे केले. म्हणजे हा माणूस नुसता करवत-वाकस चालवणारा नव्हता. त्याला माल पारखता येत होता, भाव करता येत होता आणि त्याच्या शब्दावर परका माणूस विश्वास ठेवत होता. आपल्या दुकानदारीत याहून जास्त काय लागतं, सांगा बरं!

१७५० मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. आशियातली ही पहिलीच असं म्हणतात. सुकी गोदी म्हणजे काय, हे काकांनी मला आमच्या मोरीवर दाखवलं. मोरीचं तोंड बोळ्याने बंद केलं, बादलीभर पाणी सोडलं, त्यात धाकट्याची जुनी प्लास्टिकची होडी तरंगत ठेवली. मग बोळा काढला. पाणी निघून गेलं, होडी खाली टेकली आणि तिचा तळ मोकळा झाला. जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर असंच करावं लागतं. गोदीत जहाज घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं. ती जुनी गोदी आजही फोर्टमध्ये लायन गेटच्या आत, नेव्हल डॉकयार्डमध्ये आहे. काका नोकरीत असताना तिच्या कठड्यावरून कित्येकदा चालले आहेत. "दगड बघितले की हात जोडावेसे वाटतात," म्हणाले.

आता त्या घरातल्या विषयाकडे येते. लवजींचे मुलगे माणेकजी आणि बोमनजी बापाच्या हाताखाली तयार झाले. मग नातवांची पाळी आली, फ्रामजी आणि जमशेटजी. आजोबा गोदीचे मुख्य बांधकाम करणारे, बाप आणि काका मोठ्या हुद्द्यावर, कंपनीच्या साहेबांचं घरी येणंजाणं. या दोन मुलांना कुठे बसवलं असेल? त्यांना साध्या सुताराच्या जागी लावलं, महिना बारा रुपयांवर. इतर सुतारांबरोबर फळ्या तासायच्या, खिळे ठोकायचे, उन्हात उभं राहायचं.

त्या मुलांच्या आयांविषयी मी पुष्कळदा विचार करते. त्यांनी काय म्हटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण संध्याकाळी मुलगा घरी आला की सदऱ्यातला भुसा आधी आईलाच दिसतो. हाताला फोड आला की हळद तीच लावते. शेजारणीने विचारलं, "काय हो, साहेबांच्या ओळखी असून मुलगा सुतारकी करतोय?" तर उत्तरही तिलाच द्यावं लागतं. सासऱ्यांनी ठरवलं, नवऱ्याने मान डोलावली, आणि ते रोज निभावलं त्या दोघींनी, असं मला वाटतं.

पुढे काय झालं ते बघा. लवजी १७७४ मध्ये गेले. अडतीस वर्षं कंपनीच्या नोकरीत काढून, इतकी जहाजं पाण्यात उतरवून, मागे ठेवलं ते एक घर आणि बेताची रक्कम. बाकी सगळं त्या मुला-नातवांच्या हातात होतं. त्यांच्यातल्या जमशेटजींनी इंग्लंडच्या राजाच्या नौदलासाठी मोठमोठ्या युद्धनौका बांधल्या. १८१० ची 'मिंडेन' त्यांची. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईच्या सुतारांनी मलबारी सागात बांधलेलं ते जहाज दोनशे वर्षं उलटून गेल्यावरही टिकून आहे! काका सांगतात, ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्याने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, ते खिळ्यालाही सांभाळतं. जमशेटजींचं एक जुनं चित्र इंग्लंडच्या संग्रहालयात आहे. पांढरा अंगरखा, जवळ 'मिंडेन'चा नकाशा, आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी. एवढा मोठा झाल्यावरही चित्र काढून घेताना त्यांनी कमरेला सुताराचं माप ठेवलं.

पुढच्या पिढ्यांकडे पैसा खूप आला, गिरण्या आल्या, बंगले आले. तेही खरंच आहे, झाकायचं कारण नाही. पण पहिल्या तीन पिढ्यांत देण्याघेण्याची मुख्य वस्तू कसब हीच होती.

आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, युद्धनौका बांधणाऱ्यांचं कौतुक आपण कसं करायचं? हा प्रश्न मलाही पडला. याच गोदीत १८१३ मध्ये बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर १८४२ मध्ये चीनबरोबरच्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या, आणि ते युद्ध अफूच्या व्यापारातून पेटलेलं होतं. ही गोष्ट वाचून मन खट्टू होतंच. लाकडाच्या धंद्यात आम्हीही झाडावर जगतो. आपल्या शास्त्रांनी गृहस्थाची अडचण ओळखून हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडायचीच. चूल पेटवताना, धंदा करताना, रक्षण करताना जी घडते ती कमीत कमी व्हावी म्हणून जागं राहायचं. सुताराची करवत उद्योगी हिंसेत येते आणि सीमेवरच्या जवानाचं शस्त्र विरोधी हिंसेत. काकांच्या आयुष्यात दोन्ही आलं. त्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "ताई, मी जहाजावर आयुष्यभर भोकं बुजवायलाच शिकलो."

ते कसं, तेही सांगते. नौदलात सुताराला शिपराइट म्हणतात. विशाखापट्टणमला त्यांचं शिक्षण होतं, त्या संस्थेचं नावच आयएनएस विश्वकर्मा आहे. मला वाटायचं, आताची जहाजं पोलादाची, तिथे सुताराचं काय काम? तर जहाजाला भोक पडलं, पाणी आत यायला लागलं, की पहिल्यांदा लाकूडच कामाला येतं. वेगवेगळ्या मापांचे लाकडी गट्टू आणि पाचरी तयार ठेवलेल्या असतात. गट्टू भोकात ठोकायचा. मऊ लाकूड पाणी पितं, फुगतं आणि घट्ट बसतं. वाकलेल्या भिंतीला लाकडी टेकू देऊन धरून ठेवायचं. अंधारात, गुडघाभर पाण्यात, हाताने चाचपून हे करता यावं म्हणून पुन्हा पुन्हा सराव करून घेतात. "तिथे कुणाचा मुलगा आहेस हे भोक विचारत नाही," काका म्हणाले.

काका समुद्रावर असत तेव्हा घर काकूंनी चालवलं. तीन मुलं, सासू, आणि महिन्याची मनिऑर्डर. पत्र कधी येईल याचा नेम नाही. पैसे आले की काकू आधी तांदूळ भरत, मग फी, मग उरलं तर रॉकेल. काका रजेवर आले की काकू त्यांना हिशेबाची वही दाखवत आणि काका एकेक पान वाचत. "मी पगार आणला, घर हिने बांधलं," असं ते काकूंसमोरच म्हणतात आणि काकू म्हणतात, "पुरे आता, चहा निवतोय." त्यांच्या मुलांपैकी एकानेही सुतारकी घेतली नाही. एक पुण्यात संगणकावर, एक शिक्षक, मुलगी नर्स. मी विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणाले, "हत्यारं माझी पडून राहतील याचं थोडं वाटतं. पण तिघंही काम अर्धवट टाकून घरी येत नाहीत. ते माझंच आहे."

आपण भगवान आदिनाथांच्या कथेत लहानपणापासून ऐकतो की त्यांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. आपल्या समाजात त्यातलं वाणिज्य घट्ट धरलं गेलं. शिल्प म्हणजे हाताचं कसब, ते त्याच यादीत आहे, याची आठवण मुलांच्या लग्नाच्या बायोडेटात कुठेच दिसत नाही. आपलं पनवेल एके काळी बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला तेव्हा मुंबईहून माणसं नि माल गलबताने पनवेल बंदराला उतरायचा आणि गाड्यांनी घाट चढायचा. ती चाकं इथल्या सुतारांनी केली. आज ते बंदर गेलं, चाकं गेली, आणि आपल्या मुलांना गुण्या म्हणजे काय ते ठाऊक नाही. (काटकोन बघायचं सुताराचं माप!)

चौरंगांचं काम मात्र मनासारखं झालं. तुम्हीही घरी देवासाठी किंवा स्वाध्यायासाठी लाकडी काम करून घेणार असाल तर तीन गोष्टी सुताराला आधीच विचारा. एक, सांधायला सरस वापरणार का? जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो. फेव्हिकॉलसारखा कृत्रिम गोंद सांगा. दोन, पॉलिश कशाचं? लाख ही किड्यांपासून मिळते, त्यामुळे लाखेचं पॉलिश नको म्हणा. आमच्या चौरंगांना काकांनी जवसाच्या तेलाचे तीन हात दिले, प्रत्येक हात नीट वाळवून. तीन, ब्रश डुकराच्या केसांचा नको, सुती फडक्याने तेल चोळून लागतं. पण ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. काकांनी आमचं फडकं दोरीवर पसरून वाळवायला लावलं. जहाजावर आगीचं भय घेऊन जगलेल्या माणसाची नजर!

धाकट्याचं गोदामातलं वर्ष आता संपत आलं. आता तो शीटवर बोटाने टकटक करून आत पोकळ आहे का ते सांगतो. गेल्या महिन्यात एका सुताराने कडेला फट असलेली शीट परत आणली, तर हा वाद न घालता स्वतः बदलून द्यायला गेला आणि येताना त्याच सुताराची पुढची ऑर्डर घेऊन आला. सासूबाईंचं मत अजून बदललेलं नाही. पण परवा कुणीतरी फोनवर "नातू काय करतो?" विचारलं, तर मी ऐकलं, त्या म्हणाल्या, "गोदाम तोच बघतो आमचं."

चातुर्मास संपला की कार्तिकात आणखी एक स्थळ येणार आहे. बैठक घरी ठेवायची की हॉटेलात, अशी विचारणा झाली. यांनी कळवलं, मुलगा बघायचाच असेल तर सकाळी दहाला गोदामावर या, टेम्पो तेव्हाच येतो. चहा-पोहे मी तिथेच पाठवणार आहे, कांदा-बटाटा नसलेले, नेहमीसारखे.